मिस्त्रींचा आवाज बंद पडला तो दिवस

मिस्त्रींची वाचा जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तरी त्या घरात सगळ्यात जास्त बोलायचे ते मिस्त्रीच. पंखा जोरात आहे, उशी सरकली आहे, खालच्या गेटचं बिजागर किती दिवस कुरकुरतंय, कुणी त्यात तेल घालत नाही का. हे सगळं ते डोळ्यांनी बोलायचे. पलंगाच्या पायथ्याशी लोखंडी दांडीवर संगणकाचा पडदा टांगलेला होता आणि त्याच्याखाली वीतभर लांबीचा कॅमेरा, त्यात दोन लाल दिवे. मिस्त्री ज्या अक्षराकडे टक लावून बघत ते पडद्यावर उमटायचं. वाक्य पुरं झालं की कोपऱ्यातल्या चौकोनाकडे बघायचं, मग यंत्र ते मोठ्यानं वाचायचं. आवाज बातम्या सांगणाऱ्या माणसाचा होता. "पाठ खाजव" हेसुद्धा तो निवडणुकीचा निकाल सांगावा तसं सांगायचा.

मिस्त्रींनी सारी उमर लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली. मग हा नसांचा आजार आला. आधी उजव्या हातातून पाना निसटू लागला, मग जिना चढवेना, मग जीभ जड झाली. हा आजार मागे फिरत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. शेवटी हुकमतीत राहिले ते फक्त डोळे.

त्यांच्या बायकोला सगळे ऑपरेटरबाई म्हणत. एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. बाई स्वभावानं भित्र्या. हे त्या स्वतःच सांगत. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यावरून दोनदा परत यायच्या. एकतीस वर्षांत एकही फोन चुकीचा जोडला नाही याचं श्रेय कुणी त्यांच्या हुशारीला दिलं, तर म्हणायच्या, "हुशारी कसली, पोटात गोळा असायचा सारखा." संगणकाला तर त्या हात धुऊनच स्पर्श करायच्या.

तो संगणक बसवून दिला होता एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सहायकानं. अशा रुग्णांसाठी तो सुट्टीच्या दिवशी कामं करायचा. त्याच्या पिशवीवर पेंग्विनचं चित्र होतं, म्हणून मिस्त्रींनी त्याचं नावच पेंग्विन ठेवलं. यंत्र जुनं होतं, त्यात त्यानं विंडोजऐवजी लिनक्स घातलं. डोळ्यांच्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा आणि संगणक यांच्यातला दुभाष्या, तयार मिळत नव्हता. तो त्यानं दोन रविवार खपून तिथेच जुळवला. जाताना एक कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि बजावलं, "काकू, अपडेट मी असल्याशिवाय करायचं नाही."

आणि बाईंनी नेमकं ते केलं.

त्या दिवशी दुपारी चार वाजता डॉक्टर घरी येणार होत्या. मिस्त्रींचा श्वास महिन्यामहिन्याला कमी पडत चालला होता. कधी ना कधी तो अडणार, आणि तेव्हा गळ्याला छेद देऊन नळी बसवायची की नाही, हे आधीच लिहून ठेवायचं होतं. नळी बसवली तर माणूस काही वर्षं जगू शकतो. मात्र उत्तर स्वतः रुग्णानं द्यायला हवं, असा डॉक्टरांचा आग्रह होता. "तुमच्या तोंडून नको, त्यांच्याकडून हवं," असं त्यांनी बाईंना दोनदा सांगितलं होतं. मिस्त्री चार दिवस काहीतरी लिहीत होते. ती फाइल पडद्यावर डाव्या कोपऱ्यात दिसायची. नाव 'डॉक्टर'. बाईंनी ती वाचली नव्हती.

सव्वानऊला मिस्त्रींची आंघोळ आटोपली आणि त्यांना डुलकी लागली. पडद्यावर एक चौकट आली होती. महत्त्वाचे सुरक्षा अपडेट. ती दहा दिवस रोज येत होती आणि बाई रोज ती मिटवत होत्या. पण आज त्या 'सुरक्षा' शब्दाकडे बघून त्यांच्या मनानं घेतलं की आजच्या दिवशी काही दगाफटका व्हायला नको, सगळं सुरक्षित असलेलं बरं. त्यांनी 'हो' दाबलं.

निळी पट्टी भराभरा सरकली, अर्ध्याच्या जरा पुढे गेली आणि थांबली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. बाण हलेना. आतला पंखा घरघरायला लागला. बाईंना वाटलं, आत काहीतरी जळतंय. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

मिनिटभरानं परत चालू केलं, तर पडदा काळा. त्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी एकामागून एक वर सरकल्या आणि थांबल्या. शेवटी एक पांढरी रेघ उघडझाप करत राहिली. एवढ्या ओळींत बाईंना एकच शब्द धडपणे कळला. फेल्ड.

त्या पलंगाच्या कडेवर धपकन बसल्या, आणि त्या हिसक्यानं मिस्त्री जागे झाले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"काही नाही हो," बाई म्हणाल्या, "जरासं अडकलंय. होईल."

मिस्त्री बघत राहिले. त्यांचा चेहरा हलत नसे, त्यामुळे ते रागावले की घाबरले हे कधीच कळायचं नाही. यंत्र आल्यापासून बाईंना त्या चेहऱ्याकडे बघायची सवयच राहिली नव्हती. आज तो समोर होता, आणि त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

बाईंनी पेंग्विनला फोन लावला. बंद. परत लावला. मग कॉलेजात लावला. तिथल्या शिपायानं सांगितलं, "सर परीक्षेच्या ड्यूटीवर आहेत. फोन बाहेर जमा करतात सगळ्यांचे. पाचनंतर बघा."

"मला चारच्या आत पाहिजेत हो ते."

"बाई, मुलं पेपर लिहितायत. मी काय करणार."

मग त्यांनी नाक्यावरच्या संगणकवाल्याला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत काय आहे, विंडोज ना?"

"नाही, लिनक्स."

"मग मी नाही बघणार काकू. पण एक करतो. दुपारी माणूस पाठवतो, फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकून देतो. दोन तासांचं काम."

बाईंच्या जिवात जीव आला. त्या हो म्हणणार एवढ्यात त्यांनी विचारलं, "आतलं सगळं राहील ना?"

"फॉरमॅट म्हणजे सगळं पुसायचं, काकू. पाटी कोरी."

बाईंनी फोन ठेवला. चार दिवसांची फाइल, डोळ्यांची जुळवणी, दोन रविवार खपून केलेला दुभाष्या. सगळी पाटी कोरी. त्यांना आपण फोनवर हो म्हटलं नाही ना, अशी शंका आली, आणि खात्री करायला त्यांनी परत फोन करून सांगितलं, "कुणाला पाठवू नका हं."

अकराच्या सुमारास वन्सं आल्या. मिस्त्रींची थोरली बहीण. त्या रोज बस बदलून यायच्या आणि भावाशेजारी बसून त्याला पेपर वाचून दाखवायच्या. काळा पडदा बघून त्यांनी आधी विचारलं, "हा का बंद?"

बाईंनी सांगितलं. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

वन्सं त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दार लोटून घेतलं. "एक सांगू का," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "झालं ते बरंच झालं समज. यंत्र नाही तर उत्तर तू द्यायचं. डॉक्टरच म्हणाल्यात ना तसं?"

"म्हणाल्यात. अगदीच काही मार्ग नसला तर."

"मग हो म्हण. बसवू दे नळी. तो माझा भाऊ आहे, मला तो हवाय. तुला नको आहे का?"

बाईंना ते हवेच होते. त्या चार दिवसांत, मिस्त्री डोळ्यांनी एकेक अक्षर लिहीत असताना, त्यांना आतून एकच धास्ती होती की हा माणूस 'नको' लिहितोय. आणि आता वन्संनी तीच गोष्ट उघड बोलून दाखवली होती. यंत्र लागलं नाही, तर मला हवं ते होईल. हा विचार मनात आला आणि बाईंना स्वतःचीच भीती वाटली. सकाळी बटण बंद करणारा हात आपलाच होता. तो नुसता घाबरून गेला होता, की आणखी काही? त्यांना सांगता येईना.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून घरघर ऐकू आली. मिस्त्रींच्या घशात लाळ साठली की असा आवाज यायचा. एरवी ते त्याच्या कितीतरी आधी यंत्राकडून हाक मारत. बाई धावल्या, शोषणयंत्राची नळी तोंडात घातली, लाळ ओढून घेतली. मिस्त्रींचे डोळे पाण्यानं भरले होते. किती वेळ गुदमरत होते कोण जाणे. पाच मिनिटं असतील, दोन असतील.

"ती जुनी पाटी काढा," बाई वन्संना म्हणाल्या.

यंत्र येण्यापूर्वी पुठ्ठ्याची एक पाटी होती, तिच्यावर ओळींनी अक्षरं. बाईंनी ओळ मोजायची, मिस्त्रींनी डोळे वर केले की 'हो', खाली केले की 'नाही'. काना-मात्रा नाहीत, ते आपण ओळखायचं. चार-पाच शब्दांत ते थकून जात. म्हणून तर पाटी माळ्यावर गेली होती. डॉक्टरांना ती चालणारही नव्हती, कारण तिच्यातलं अर्धं बोलणं वाचणाऱ्याच्या अंदाजानंच पुरं होतं.

पहिलं वाक्य जुळायला बारा मिनिटं लागली. क. य. ब. द. ल. ल.

"काय बदललं," बाईंनी वाचलं. डोळे वर.

हा मिस्त्रींचा जुना प्रश्न. लिफ्ट बंद पडल्याचा फोन आला की ते आधी हेच विचारायचे. बंद पडण्याआधी काय बदललं? कुणी काय बसवलं, काय काढलं, कुणी हात लावला?

"मी अपडेटला हो म्हटलं," बाई म्हणाल्या, "आणि ते अर्ध्यावर असताना बटण बंद केलं. घाबरले हो मी."

मिस्त्रींनी डोळे मिटले आणि उघडले. त्याला पाटीत काही अर्थ नव्हता. मग त्यांची नजर हळूहळू कपाटाकडे गेली आणि तिथेच थांबली.

कपाटाच्या दाराला आतून कागद होता. भीतीच्या भरात बाई तो साफ विसरल्या होत्या. पेंग्विनचं अक्षर मोठं आणि सुटं. वर लिहिलं होतं, पडदा काळा झाला तर. आणि पहिली सूचना होती, 'घाबरू नका.'

"म्हणजे पहिल्याच पायरीला मी नापास," बाई म्हणाल्या. वन्संना हसू आलं आणि त्यांनी ते लपवलं.

पुढं लिहिलं होतं की यंत्र बंद करून चालू करावं आणि लगेच एस्केपची कळ दाबावी, म्हणजे एक यादी येते. बाईंनी कळ दाबली. एकदा दाबून विश्वास बसेना म्हणून परत दाबली, परत दाबली. यादी क्षणभर दिसली आणि गेली, आणि पडद्यावर एकच इंग्रजी शब्द उरला. त्याच्यापुढं ती मेली रेघ, उघडझाप करणारी.

"आता काय केलंस?" वन्संनी विचारलं.

"माहीत नाही." बाईंचा हात कळांवरून उचललाच जाईना. मग त्यांच्या लक्षात आलं, कागदावर 'दाबा' आहे, 'दाबत राहा' नाही. त्यांनी यंत्र बंद केलं, चालू केलं, आणि मनात तीन मोजून कळ एकदाच दाबली. यादी आली आणि थांबून राहिली.

त्यातली दुसरी ओळ. तिच्या आत आणखी एक यादी. त्यात 'रिकव्हरी' लिहिलेली ओळ. मग एक करडी चौकट, आणि तिच्यात अर्धवट राहिलेली पॅकेजेस, म्हणजे अपडेटनं बसवायचे भाग, दुरुस्त करण्याची ओळ. कागदावर लिहिलं होतं, 'हो म्हणा आणि मग हात लावू नका. कितीही वेळ लागो. ओळी सरकतील, वाईटसाईट शब्द दिसतील. हात लावू नका.'

बाईंचं बोट एंटरच्या कळीवर होतं. एक वाजला होता. इथं काही चुकलं तर उरलंसुरलंही जाईल, असं त्यांना वाटत होतं. आणि काहीच केलं नाही, तर चार वाजता त्या स्वतः उत्तर देतील, हो म्हणतील, आणि कुणी त्यांना बोल लावणार नाही. वन्सं मागे उभ्या होत्या. बाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री पडद्याकडे बघत होते, बंद लिफ्टच्या दाराकडे बघावं तसे.

बाईंनी कळ दाबली.

ओळी सरकू लागल्या. वेगानं, मग हळू, मग एका ओळीवर पाच मिनिटं ठप्प. बाईंनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांवर बसून राहिल्या. हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. हात मोकळे असते तर भिंतीवरच्या बटणाकडे गेले असते. मध्येच 'एरर' दिसलं, तेव्हा त्यांच्या तोंडून "मेले" एवढंच निघालं. ओळी पुढं सरकल्या. पाऊण तासानं चौकट परत आली. बाईंनी यंत्र पुन्हा चालू केलं, यादीला हात न लावता, आणि काळ्या पडद्याच्या जागी नेहमीचं निळं चित्र उमटलं.

वन्संनी हात जोडले. डाव्या कोपऱ्यात 'डॉक्टर' नावाची फाइल जशीच्या तशी होती.

पण कॅमेऱ्याचे लाल दिवे लागले नाहीत.

बाईंनी तार काढून परत लावली. दुसऱ्या भोकात लावली. मिस्त्रींनी पडद्यावर नजर फिरवली, बाण जागचा हलला नाही. बाईंच्या हातातल्या माउसनं तो हलत होता, मिस्त्रींच्या डोळ्यांनी नाही. कागद तिथे संपला होता. शेवटची ओळ होती, 'कॅमेरा चालत नसेल तर मला फोन करा.' अडीच वाजले होते.

"हे बघ," वन्सं म्हणाल्या, "त्यानं लिहून ठेवलंय ना? ती फाइल उघड आणि चार वाजता वाचून दाखव. त्याचंच म्हणणं आहे ते. झालं की."

बरोबर होतं. बाईंनी बाण त्या फाइलवर नेला. दोनदा टिचकी मारली की कळलं असतं. आत 'नको' असलं तर? वाचून झाल्यावर ते खरोखर मोठ्यानं वाचून दाखवण्याइतकी मी धीट आहे का? की चार वाजता दोन शब्द इकडचे तिकडे करीन? बोर्डावर असताना चालू बोलण्यात कान घालायचा मोह त्यांना कधी झाला नव्हता. आज झाला.

"अहो," त्या म्हणाल्या, "उघडू का?"

मिस्त्रींनी डोळे खाली केले. आणि खालीच ठेवले, बाईंनी हात मागे घेईपर्यंत.

मग त्यांची नजर पाटीकडे गेली. बाईंनी पाटी धरली. पहिलं अक्षर ज. दुसरं न.

बाईंनी पुढची ओळ मोजलीच नाही. ज, न. जगायचं नाही. त्यांना दुसरा शब्दच सुचेना. त्यांनी पाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मला नका सांगू. डॉक्टरांना सांगा. मला नका."

वन्संनी पाटी उचलली. "जन?" डोळे खाली. "जेवण? भूक लागलीय?" खाली. "जाऊ नको?" खाली. "अरे मग काय, जुनं?"

डोळे वर. वर म्हणजे अगदी पापणीच्या आत जातील इतके वर.

"जुनं काय?"

बाईंच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. अपडेटनं काहीतरी नवं बसवलं होतं. पेंग्विननं दुभाष्या जुळवला होता तो जुन्याशी. नवा त्याला ओळखत नसणार. नवा भाग बसवून यंत्र अडलं की मिस्त्री जुना भाग परत घालून बघायचे. आणि त्या मघाच्या यादीत एकसारख्या दिसणाऱ्या ओळी होत्या, फक्त शेवटचे आकडे वेगळे. त्यातल्या कमी आकड्याच्या ओळी जुन्याच्या असणार.

यंत्र बंद. चालू. तीन मोजून एस्केप, एकदाच. दुसरी ओळ. कमी आकड्याची ओळ. त्या वेळी भीती नव्हती असं नाही, बाईंचे ओठ पांढरे पडले होते असं वन्सं सांगतात. पण हात ठरल्या जागी जात होते. पडदा काळा झाला, बराच वेळ काळा राहिला, मग निळा झाला. आणि त्याच्याखाली दोन लाल दिवे लागले.

बाण हलला. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला, अडखळला, अक्षरांवर आला. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. बातम्या सांगणारा माणूस म्हणाला, "नाक पूस."

मिस्त्रींचं नाक खरंच सकाळपासून वाहत होतं. कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

डॉक्टर चारला पाच कमी असताना आल्या. त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली, बाईंना आणि वन्संना थोडं मागे बसायला सांगितलं, आणि विचारलं, "तुम्ही काही लिहून ठेवलंय म्हणे?"

मिस्त्रींनी फाइलकडे पाहिलं नाही. ते नव्यानं लिहू लागले. डॉक्टर थांबल्या.

"भीती वाटते," यंत्र म्हणालं.

"कशाची? नळीची?"

"नाही. नळी घातली की खूप जगेन. आणि हे बंद पडलं तर."

डॉक्टरांनी खुर्ची आणखी पुढं ओढली.

"आज सहा तास बंद होतं. आत मी ओरडत होतो."

बाईंना त्या सहा तासांत हे सुचलंच नव्हतं. मिस्त्री शांत आहेत असं त्यांना वाटत होतं. वीस मजली इमारतीच्या पोकळीत दोराला लटकून काम करणारा माणूस, त्याला कसली भीती, असंच त्या धरून चालल्या होत्या.

"मग 'नको' असं लिहू का?" डॉक्टरांनी विचारलं.

पुढचं वाक्य यायला फार वेळ लागला. बाई अक्षरं बघत नव्हत्या, जमिनीकडे बघत होत्या.

"कालपर्यंत नको होतं. फाइलीत तेच आहे. आज बंद पडलं आणि हिनं चालू केलं. आता माहीत नाही."

डॉक्टरांनी हातातला फॉर्म पाहिला. "इथं 'हो' आणि 'नाही' असे दोनच चौकोन आहेत."

"तिसरा काढा."

डॉक्टरांनी पेननं तिसरा चौकोन काढला आणि त्याच्यापुढं लिहिलं, विचार करत आहेत, दर महिन्याला त्यांनाच विचारावे. तोवर श्वास अडला तर मास्क लावायचा, छेद द्यायचा नाही, हेही मिस्त्रींकडून विचारून घेतलं. वन्सं उठून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. जाताना डॉक्टरांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे बाईंना रडू आलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी पेंग्विनचा फोन आला. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "काकू, मी असतो तरी हेच केलं असतं. फक्त ते बटण बंद करणं सोडून." त्या रविवारी तो आला. बाईंनी त्याला चहाही विचारला नाही, आधी खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तो ड्रायव्हर कसा जुळवतात ते मला दाखव. वहीत लिहून घेते." दोन वेळा त्यानं केलं, तिसऱ्यांदा बाईंनी. कळ दाबताना दर वेळी त्यांचा श्वास थांबायचा. भीती काही गेली नाही. कधीच गेली नाही.

दुसऱ्या दिवशी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातली फाइल दिसेनाशी झाली. मिस्त्रींनी ती स्वतःच काढून टाकली होती. बाईंनी विचारलं नाही.

पाचव्या महिन्यात मिस्त्रींनी डॉक्टरांना 'हो' सांगितलं, दोन अटींवर. घरात दुसरा संगणक तयार असायला हवा. आणि ज्या दिवशी मी पुरे म्हणेन, त्यानंतर मला आणखी दोनदा, दोन वेगळ्या दिवशी विचारायचं, आणि तेच उत्तर आलं तर ऐकायचं. डॉक्टरांनी ते तसंच लिहून घेतलं. नळी बसली. त्यानंतर मिस्त्री दोन वर्षं आणि दोन महिने जगले. त्यात यंत्र चार वेळा अडलं. सगळ्यात जास्त वेळ लागला तो पन्नास मिनिटं, आणि ती पन्नास मिनिटं बाई काम करता करता सारखं मोठ्यानं बोलत राहिल्या, आता हे करतेय, आता ते करतेय, आता ओळी सरकतायत, ऐकताय ना.

'पुरे' असं मिस्त्री कधी म्हणाले नाहीत. एका हिवाळ्यात छातीत कफ भरला, ताप चढला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. त्या दुपारी वन्सं येऊन गेल्या होत्या. त्या निघाल्यावर थोड्या वेळानं यंत्र म्हणालं, "ताईला बस मिळाली का बघ." बाई खिडकीत गेल्या. वन्सं बसच्या दाराच्या दांडीला धरून चढत होत्या. बाईंनी मागे वळून सांगितलं, "मिळाली हो. बसायलाही जागा मिळाली."